एकेचाळीस मिनिटं आणि सहा पावलं

हेमलताबाईंना अंतर मोजायला शिकवलं ते त्यांच्या वडिलांनी, लोकरीच्या धाग्यानं. वडील नागपुरात सोनेगावच्या हवामान कचेरीत होते. सकाळ-संध्याकाळ मोठाले फुगे आकाशात सोडायचे आणि वरचा वारा कुठं चाललाय ते टिपून ठेवायचे. कचेरीनं मोडीत काढलेला एक पृथ्वीगोल त्यांनी घरी आणला होता. ऑस्ट्रेलियाला पोचा आलेला, पायाचा एक स्क्रू हरवलेला. "सपाट नकाशा खोटं बोलतो, पोरी," ते म्हणायचे. "गोलावर दोरा ताणून धर. ताणलेला दोरा खोटं बोलत नाही."

पुढं हेमलताबाईंनी मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला आणि तो गोल दरवर्षी वर्गात नेला. आता त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. गोल कपाटावर होता आणि त्याच्या पायाला लाल लोकरीचा एक धागा कायमचा बांधलेला होता. त्या धाग्याची एकच लांबी त्यांना ठाऊक होती. नागपूर ते नैरोबी, पाच हजार दोनशे किलोमीटर.

नैरोबीला त्यांचा धाकटा भाऊ होता, मधुकर. चहाच्या कारखान्यातली यंत्रं बसवायला म्हणून दोन वर्षांसाठी गेला, तो तिथलाच झाला. त्याचं पहिलं पत्र एकोणीस दिवसांनी आलं होतं. मग फोन आले, मग फोनवर चेहरे आले, पण मधुकर दिवाळीला काही आला नाही. तिकडं पावसाची दुसरी झड ऐन दिवाळीत येते, चहाला तेव्हाच पालवी फुटते, आणि पालवी कारखान्याला थांबू देत नाही. मे महिन्यात यायचा, आंबे खायचा, जायचा. भाऊबीज मात्र दरवर्षी हुकायची.

भाऊ दूर असला की बहिणीनं चंद्राला ओवाळायचं, ही आपली जुनी सोय. हेमलताबाई गच्चीवर जायच्या, बीजेची ती नखाएवढी कोर शोधायच्या आणि मधुकरच्या नावानं निरांजन फिरवायच्या. अशी सत्तावीस वर्षं झाली. त्यातल्याच एका वर्षी रागाच्या भरात त्या फोनवर बोलून गेल्या होत्या, "भाऊबीजेला भावानं बहिणीकडे यायचं असतं. तू माझ्या पाटावर बसत नाहीस तोवर मी तुझ्या घरचं पाणी प्यायला येणार नाही."

बोलून गेल्या आणि अडकल्या. बाई तोंडातून गेलेला शब्द पाळणारी होती. मधुकर निवृत्त झाला तोवर त्याच्या पायात रक्ताची गुठळी होऊन गेली होती आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन तासांच्या वर एका जागी बसायचं नाही. नागपूरला यायचं तर मुंबईला थांबून चौदा-पंधरा तास. म्हणजे तो येऊ शकत नाही आणि ही जाणार नाही. मधल्या मध्ये त्या लाल धाग्याला मात्र दरवर्षी ताण.

आणि मग गोफण आली.

यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं, पण विदर्भात सगळे त्याला गोफणच म्हणत. विमान कसं, हवेच्या आधारानं पंखांवर तोलत जातं, हवा कापत जातं, म्हणून त्याला वेळ लागतो. गोफणीतल्या दगडाला हवेचा आधार लागत नाही. एकदा जोरात भिरकावला की पुढचं काम वेग आणि पृथ्वीची ओढ मिळून करतात. हे यान तसंच होतं. पहिली सहा मिनिटं अग्निबाण त्याला वर फेकायचे, दीडशे किलोमीटरवर, जिथं हवा नावालासुद्धा नाही. मग ते ताशी वीस हजार किलोमीटरच्या वेगानं नुसतं पुढं पडत जायचं. हो, पडतच, पण पृथ्वीची पाठ गोल असल्यानं ती खालून वळत जाते आणि यानाला जमिनीवर यायला उशीर होतो. शेवटी दाट हवा लागली की आखूड पंखांवर घसरत खाली. काटोलजवळच्या माळावरच्या तळापासून नैरोबीजवळच्या अथी नदीच्या पठारापर्यंत एकेचाळीस मिनिटं.

"आणि घरापासून काटोल नाक्यापर्यंत पन्नास," केतकी म्हणाली. केतकी म्हणजे हेमलताबाईंची नात, वय तेवीस, गाडी चालवण्यात आणि आजीला चिडवण्यात पटाईत.

भाऊबीजेच्या दुपारी दोघी तळाकडे निघाल्या होत्या. मधुकर आपल्या घड्याळातल्या चार वाजता तिकडून निघणार होता आणि चार एकेचाळीसला इथं उतरणार होता. हेमलताबाईंनी नारळाच्या वड्या थापून ठेवल्या होत्या, पाट मांडला होता, भोवती रांगोळी काढली होती. शिवाय मांडीवरच्या पिशवीत चांदीचं छोटं निरांजन, कुंकवाची डबी, सुपारी, काडेपेटी आणि अक्षतांची पुडी होती.

"हे काहून घेतलं आजी? ओवाळणार तर घरी ना?"

"नाक्यावर गाडी अडकली तर? गाडीतच ओवाळीन. यंदा मी त्या चंद्राला निरोप धाडला आहे. बावा, तुझी नोकरी संपली."

"आणि तू सकाळपासून काही खाल्लं नाही."

"भावाला ओवाळल्याशिवाय खात नसतात आमच्यात. पाणी पिते मी अधूनमधून."

तळावर पोचल्या तेव्हा मोठ्या फलकावर नैरोबीहून यान सुटल्याची हिरवी ओळ झळकत होती. हेमलताबाई काचेच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. चार चाळीसला आकाशात कुठंतरी दोनदा धडाडलं, आणि काळ्या पोटाचं ते जाडजूड यान घारीसारखं घिरटी घालत खाली आलं. बहात्तर माणसं बाहेर पडली. त्यांत मधुकर नव्हता.

फोन वाजला. पडद्यावर मधुकरचा चेहरा होता आणि मागं भावजय, सुनंदा, डोळे पुसत होती.

"ताई, मी इथंच आहे."

"म्हणजे? यान तर आलं!"

"मला चढू नाही दिलं. पोटात अन्न सापडलं."

हेमलताबाईंना काही उमगेना. तेव्हा मधुकरनं सांगितलं. वर गेल्यावर चौदा मिनिटं वजन हरपतं. यान पडत असतं, माणूसही त्याच वेगानं पडत असतो, त्यामुळं कशालाच कशाचा भार राहत नाही. पोटातल्या घासालासुद्धा कळत नाही की वर कुठं आणि खाली कुठं. म्हणून आठ तास आधीपासून पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही असा कडक नियम. दाराशी पोटावर एक पट्टी ठेवतात, ती आतलं सगळं दाखवते.

"आठ तास उपाशीच होतो गं. पण घरातून निघताना हिनं..."

"मी दही-साखर दिली हातावर," मागून सुनंदा रडत म्हणाली. "एवढ्या वर्षांनी भाऊबीजेला चालले, कोरड्या हातानं कशी धाडू? माझ्या लक्षातच नाही आलं हो ताई! आणि ह्यांनी पण चाटलं!"

"हातावर दही पडलं की जीभ आपोआप जाते, त्याला मी काय करू?" मधुकर म्हणाला. "चमचाभर दही! त्या पट्टीला टोपभर दिसलं."

हेमलताबाईंना हसावं की रडावं कळेना. केतकी मात्र खुर्चीवर बसून पोट धरून हसत होती.

"पुढचं यान कधी?"

"हेच. हे आता तिथं आलं आहे ना, तेच सव्वासातला इकडं यायला निघणार. मग उद्या सकाळी परत तिकडं."

"उद्या तर तीज लागेल."

"हो ना."

मग मधुकर हळूच म्हणाला, "ताई, तू ये."

"मी?"

"माझं तिकीट उलट्या बाजूनं वळवून देतात म्हणे. मी विचारलं आहे."

"माझा शब्द आहे, मधू. भावानं बहिणीकडे यायचं असतं."

"तुझा शब्द माझ्यापेक्षा मोठा झाला का गं?"

"चौऱ्याहत्तराव्या वर्षी आकाशात फेकून घेऊ का मी स्वतःला?" असं म्हणून त्यांनी फोन केतकीच्या हातात दिला आणि पुन्हा काचेपाशी जाऊन बसल्या.

बाहेर माळावर ऊन उतरलं, सूर्य गेला, आणि पश्चिमेच्या केशरी पट्ट्यात बीजेची कोर दिसू लागली. दरवर्षीची. हेमलताबाईंना तिचा रागच आला. आलीस का पुन्हा ओवाळून घ्यायला? इतकी वर्षं त्या समजत होत्या की मधे समुद्र आहे, रजा नाही, गुठळी आहे. ते सगळं एकेक करून गळून गेलं. धागा आखडून एकेचाळीस मिनिटांचा झाला. आणि आता उरलंय काय? मधे उरलाय तो फक्त आपला एक शब्द, आणि तोही रागात टाकलेला.

त्यांनी मान वर केली, तर कोर क्षितिजावरच्या धुरकटात बुडत होती. बघता बघता विरघळून गेली.

"गेला," त्या म्हणाल्या. "केतके, चंद्र पण गेला. संपली भाऊबीज. ना भाऊ, ना चंद्र."

केतकीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आणि तेवढ्यात हेमलताबाई ताठ बसल्या. वर्गात एखादीनं चुकीचं उत्तर दिलं की बसत तशा.

"नागपूरचा रेखांश किती?"

"काय?"

"एकोणऐंशी. नैरोबी सदतीस. फरक किती? बेचाळीस. दर रेखांशाला चार मिनिटं. बेचाळीस चोक एकशे अडुसष्ट. म्हणजे दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटं." त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. "अगं, तिथं अजून दुपार आहे! इथं मावळलेला चंद्र तिथं अजून चांगला वर आहे! माझी संध्याकाळ तिकडं अजून व्हायची आहे, आणि मी गाढवासारखी इथं बसून राहिली!"

"आजी, तुझा शब्द?"

"शब्द 'तुझ्या घरचं पाणी' असा होता. घरात शिरणार नाही मी. दारात ओवाळीन. चल, उठ लवकर, दार बंद होईल."

तपासणीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. सकाळपासून अकरा जणांना त्यांनी परत पाठवलं होतं. कुणाच्या पोटात चकली, कुणाच्या शंकरपाळे. एका गृहस्थांनी तर शपथेवर सांगितलं होतं की अनारसा म्हणजे काही जेवण नव्हे.

"आजी, शेवटचं कधी खाल्लं?"

"काल रात्री. भाकरी आणि वांग्याची भाजी."

डॉक्टरीणबाईंनी पट्टी ठेवली. पडद्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. "बघा! बघा सगळ्यांनी! असं पोट पाहिजे!" त्यांनी शेजारच्या खोलीतल्या माणसालासुद्धा बोलावून दाखवलं. रक्तदाब ठीक, हाडं वयाच्या मानानं बरी. "कसं जमलं आजी?"

"भाऊबीज आहे ना," हेमलताबाई म्हणाल्या.

पासपोर्ट फोनमध्येच होता आणि तिकडचा परवाना दहा मिनिटांत आला. काडेपेटी काढून घेतली. निरांजन उलटसुलट करून पाहिलं, वात हुंगली आणि परत दिलं. केतकी दाराशी म्हणाली, "आजी, हातावर दही देऊ?" तिच्या पाठीत एक धपाटा बसला.

पहिल्या सहा मिनिटांबद्दल हेमलताबाईंनी पुढं कुणालाच फारसं सांगितलं नाही. छातीवर कुणी जातं ठेवलंय असं वाटत होतं आणि त्या मनातल्या मनात पाढे म्हणत होत्या. तेविसाच्या पाढ्याशी आल्या आणि अचानक सगळं थांबलं. जातं उचललं गेलं. हात आपोआप वर आले. गुडघे, वीस वर्षं कुरकुरणारे ते गुडघे, दुखायचे थांबले. "अवो बाई!" त्यांच्या तोंडून निघालं.

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. खाली अंधार, वर अंधार, आणि पुढं, पश्चिमेला, पृथ्वीच्या वाकलेल्या कडेवर एक निळी रेघ. त्या रेघेतून काहीतरी वर येत होतं. बारीक, चांदीचं.

चंद्र. पश्चिमेकडून उगवत होता.

कारण त्यांना ठाऊक होतं. त्यांनीच कितीतरी मुलींना शिकवलं होतं. पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून सगळं आकाश पश्चिमेला मावळतं. विषुववृत्तावर ती ताशी सोळाशे सत्तर किलोमीटरनं फिरते. तिच्यापेक्षा जलद कुणी पश्चिमेला धावला तर मावळलेलं उगवेल. "पण बाई, इतकं जलद कोण धावेल?" असं मागच्या बाकावरची एक मुलगी विचारायची. आणि हेमलताबाई हसून म्हणायच्या, "कोणी नाही, बस खाली."

"मी धावले गं," त्या पुटपुटल्या. चंद्राच्या खालोखाल सूर्य वर आला, मावळतीच्या दिशेनं, लाल होत, मग पिवळा होत. सोनेगावच्या माळावर फुगा सोडून मान वर करून उभे असलेले वडील त्यांना आठवले. फुगा ठिपका होईपर्यंत बघायचे आणि म्हणायचे, "तिथून काय दिसत असेल गं?" हेमलताबाईंना रुमाल हवा होता. त्यांनी पिशवी उघडली.

आणि अक्षतांची पुडी सुटली.

कुंकवात माखलेले ते तांदूळ पिशवीतून बाहेर पडले, पण पडले नाहीत. तरंगत निघाले, एकेक, संथ, उन्हात लाल चमकत. पुढच्या रांगेतल्या केनियन बाईंच्या केसांवर, मागच्या गुजराती शेठच्या चष्म्यावर, छतापाशी, पायापाशी. यानातली सेविका पट्टा सोडून पोहत पोहत आली.

"मॅडम! सुटं काही उघडायचं नाही! श्वासात जाईल कुणाच्या!"

"चुकलं गं बाई. अक्षता आहेत."

"अक्षता?" सेविका थबकली. ती विदर्भातल्याच साकोलीची निघाली. तिनं तोंडाला रुमाल लावला, छोटं शोषकयंत्र आणलं आणि दाणे टिपू लागली. टिपता टिपता तिला हसू आवरेना. "आजी, माझ्या लग्नातसुद्धा इतक्यांवर पडल्या नव्हत्या." केनियन बाईंनी केसांतला एक दाणा चिमटीत धरून विचारलं, हे काय? गुजराती शेठनी इंग्रजीत समजावलं की आशीर्वाद आहे, ठेवून द्या. त्यांनी तो खरंच ठेवून दिला.

उतरताना पुन्हा जातं छातीवर आलं. मग चाकं टेकली. तिथल्या घड्याळात पाच वाजून सव्वीस मिनिटं. नागपुरातून सव्वासातला निघालेली बाई त्याच दिवशी साडेपाचच्या उन्हात उभी होती.

उड्डाणाला एकेचाळीस मिनिटं आणि परवाना तपासायच्या रांगेला सव्वा तास. बाहेरच्या दाराशी आल्या तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता. गवताळ पठारावर गार वारा होता. दाराबाहेर फरशीवर एक पिवळी रेघ होती. प्रवासी रेघेच्या आत, घ्यायला आलेले पलीकडे. आणि पलीकडे मधुकर उभा होता. केस सगळे पांढरे, हातात केतकीनं फोनवर सांगितलेली काडेपेटी. शेजारी सुनंदा, अपराधी चेहऱ्यानं.

"ताई!"

हेमलताबाई रेघेच्या आत थांबल्या. पिशवी खाली ठेवली.

"ये ना!"

"तू ये."

"अगं, पाच हजार किलोमीटर आलीस आणि आता..."

"आले ना? मग उरलेलं तू ये. भावानं बहिणीकडे यायचं असतं."

मधुकरनं पहारेकऱ्याकडे पाहिलं. उंचापुरा गडी होता. मधुकर त्याच्याशी स्वाहिलीत काहीतरी बोलला. त्यात 'दादा' एवढाच शब्द हेमलताबाईंना कळला. त्यांना वाटलं आपलाच शब्द आहे. पुढं सुनंदानं सांगितलं, तिथं मोठ्या बहिणीला दादा म्हणतात. पहारेकऱ्यानं म्हाताऱ्याकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं आणि एक पाऊल बाजूला झाला.

मधुकर चालू लागला. गुठळीचा पाय जरासा ओढत. हेमलताबाई मोजत होत्या. एक, दोन, तीन. चौथ्याला तो हसला. पाचव्याला त्याचा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला. सहाव्या पावलाला तो बहिणीच्या दारात पोचला होता.

"पूर्वेला तोंड कर," त्या म्हणाल्या. "रडून काहून राहिला? कुंकू ओघळेल."

मधुकरनं काडी ओढली. वाऱ्यानं दोनदा विझवली. तिसऱ्यांदा पहारेकऱ्यानं आपल्या टोपीचा आडोसा केला. निरांजन लागलं. त्यांनी टिळा लावला, पुडीत उरलेले चार दाणे त्यावर टेकवले, डोक्यावरून सुपारी उतरवली आणि ओवाळू लागल्या. मधुकरचं तोंड पूर्वेला, नागपूरकडे होतं. त्यांचं पश्चिमेला. म्हणून त्याच्या पांढऱ्या डोक्यामागं त्यांना ती दिसली. बीजेची कोर. नागपुरात ती थोडी तिरकी असते. इथं, विषुववृत्तापाशी, ती होडीसारखी आडवी पहुडली होती, अगदी सुटीवर असल्यासारखी.

सुनंदा पुढं झाली. हातात झाकलेली वाटी होती. "ताई, उपास सोडा. दही-साखर आहे. म्हटलं, आता उतरल्यावर चालेल ना?"

हेमलताबाईंनी वाटी घेतली. शब्द आठवला. मग मधुकरकडे पाहून म्हणाल्या, "तू पाटावर बसला नाहीस, पण माझ्या दारी आलास. झालं फिटलं." आणि वाटी तोंडाला लावली.

"पुढच्या वर्षी मीच येतो," मधुकर म्हणाला. "पोटात काही न घेता. हातसुद्धा बांधून ठेवीन."

"ये की. पाट मांडलेलाच आहे." त्यांनी ओठाचं दही पुसलं आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे, पठारावर खाली खाली जाणाऱ्या कोरीकडे हात हलवला.

"जा रे बाबा तू आता," त्या म्हणाल्या. "माझा आला."